निशाणाचा कोपरा

आज आपल्या नौदलाच्या निशाणाविषयी बोलू या. तिरंगा आपण झेंडावंदनाला बघतो. लढाऊ जहाजावर आणखी एक निशाण असतं. जहाज कोणाचं, हे दुरून ओळखू यावं म्हणून.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा डोळ्यांसमोर आणा. पांढरं कापड, त्यावर कडेपासून कडेपर्यंत एक उभा आणि एक आडवा लाल पट्टा. हा इंग्लंडच्या संत जॉर्जचा क्रूस. काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजांचा युनियन जॅक. इंग्रजी अमलात आपल्या नौदलाचं निशाण हे असं होतं. त्याखाली राबणारे खलाशी मात्र आपले, कोकणातलेही.

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या तळावर खलाशांनी संप केला. ठिणगी पडली जेवणावरून. निकृष्ट अन्न, तुटपुंजा पगार, वर गोऱ्या साहेबांच्या शिव्या. बघता बघता बंदरातल्या जहाजांवर संप पसरला. इंग्रजी निशाणं खाली आली आणि काँग्रेस, मुस्लिम लीग, कम्युनिस्ट अशा तिघांचे झेंडे एकत्र चढले. गिरणी कामगार पाठिंब्याला रस्त्यावर उतरले. २२ फेब्रुवारीला परळमध्ये गोळीबार झाला. त्यात परळ महिला संघाच्या कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. खलाशांच्या उठावाबद्दल बोलताना या बायकांची नावं बहुतेक वेळा राहून जातात, म्हणून मुद्दाम सांगितली. दुसऱ्या दिवशी संप मिटला.

पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं. निशाण बदललं २६ जानेवारी १९५० ला, पण किती? फक्त कोपरा. युनियन जॅक गेला, तिथे तिरंगा आला. लाल क्रूस तसाच! खलाशांनी जे सगळंच्या सगळं उतरवलं होतं, त्यातला मोठा भाग आपण पुढे एकावन्न वर्षं फडकवत राहिलो. मला याचं नवल वाटतं.

१५ ऑगस्ट २००१ ला क्रूस काढला आणि पांढऱ्यावर निळ्या रंगात नौदलाचं नांगराचं चिन्ह घातलं. मग वेगळीच अडचण आली. निळ्या लुगड्यावर निळ्याच धाग्याने वेल भरली तर लांबून दिसेल का? तसंच झालं. वर आभाळ निळं, खाली पाणी निळं, चिन्ह ओळखू येईना. शेवटी २००४ साली लाल क्रूस परत आला, मधोमध अशोकस्तंभाचे सिंह घेऊन. २०१४ मध्ये सिंहांखाली ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरं आली.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीमध्ये ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नवं निशाण आलं. क्रूस पुन्हा गेला. कोपऱ्यात तिरंगा, आणि पांढऱ्यावर गडद निळा, भरीव अष्टकोन. त्याला सोनेरी दुहेरी किनार, आत सोनेरी सिंह आणि नांगर. खाली वरुणदेवाने आमचं कल्याण करावं, अशा अर्थाचं संस्कृत ब्रीद. आठ कोन म्हणजे आठ दिशा. आणि हा आकार घेतलाय शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून.