कुलूपबंद घर आणि जागते गाव

दसरा-दिवाळी आटोपली, की बीड जिल्ह्यातील गावोगावच्या घरांना कुलपे लागू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे रवाना होतात. मागे राहतात ती वृद्ध माणसे, शाळकरी मुले आणि बंद दारे. धुळे-सोलापूर महामार्गावरील चौसाळा आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांनाही हे चित्र नवे नाही. शहरांत स्थायिक झालेल्यांची गावाकडची घरेही याच कुलूपबंद घरांत मोडतात. त्यामुळे अशा घराचे, तेथील धान्याचे, जनावरांचे आणि शेतीसाहित्याचे चोरांपासून रक्षण कसे करावे, हा प्रश्न केवळ ग्रामस्थांपुरता उरलेला नाही.

भिंत आणि पहारा

मराठवाड्यातील जुन्या घरांच्या रचनेतच संरक्षणाचा विचार दिसतो. दगडमातीच्या जाड भिंती, बाहेरच्या बाजूस उंचावरील लहान झरोके, एकच भक्कम दरवाजा, त्याला आतून अडसर, धान्यासाठी भिंतीतले बळद किंवा जमिनीखालचे पेव. पाटील-देशमुखांच्या गढ्यांना तर बुरूजही असत. मात्र या बांधणीची दुसरी बाजू ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे अशाच जड भिंती व माळवदांखाली गाडली गेली. म्हणजे केवळ जाड भिंत हे सुरक्षिततेचे उत्तर नव्हे.

जुन्या व्यवस्थेचे खरे बळ पहाऱ्यात होते. दख्खनच्या गावगाड्यात जागल्या किंवा रामोशी रात्रीची गस्त घाली. चोरी झाल्यास तो पावलांचा माग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला, की पुढील जबाबदारी त्या गावाच्या राखणदाराकडे येई. चोरी एका घरी झाली, तरी उत्तरदायी सारे गाव असे.

आज हे काम काही प्रमाणात पोलीस पाटलाकडे आले आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटील हा गाव आणि पोलीस ठाणे यांमधील दुवा असतो. पोलिसांच्या मार्गदर्शनाखाली चालणारी ग्रामसुरक्षा दले अनेक गावांत रात्रीची गस्त घालतात. गावाकडील घर दीर्घकाळ बंद ठेवताना पोलीस पाटील, शेजारी आणि विश्वासू नातेवाईक अशा तिघांना तरी त्याची कल्पना द्यावी. समाजमाध्यमांवर मात्र त्याची वाच्यता करू नये.

घर बंद करण्यापूर्वी

घरफोडी करणारा सहसा सर्वांत कच्ची जागा शोधतो. कुलूप कितीही महागडे असो, कोयंडा जुन्या चौकटीत दोन स्क्रूंवर तगत असेल, तर त्याचा उपयोग नाही. मागचे दार, पत्र्यांचे जोड, गच्चीकडील जिना आणि खिडक्यांचे गज आधी तपासावेत. अंगणात झाडलोट होत राहिली आणि संध्याकाळी दिवा लागला, तर घर ओसाड वाटत नाही. सौर दिवा आणि कुत्रा हे शेतवस्तीवरचे स्वस्त व भरवशाचे राखणदार होत. भारनियमनाच्या रात्री कॅमेरा बंद पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

दागिने व रोकड बंद घरात ठेवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२२ पासून चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक झाल्यास लॉकरसाठी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. घराचा विमा घेताना घरफोडीचा समावेश आहे का आणि घर किती दिवस बंद राहिले तरी संरक्षण टिकते, हे आधी वाचून घ्यावे.

सोयाबीन, तूर, हरभरा यांची पोती घरात रचून ठेवणे म्हणजे चोरीचा धोका पत्करणे होय. वखार महामंडळाची गोदामे आणि बाजार समित्यांमार्फत राबविली जाणारी शेतमाल तारण कर्ज योजना येथे उपयोगी पडते. माल सुरक्षित राहतो आणि पडत्या भावात विकावाही लागत नाही. विद्युत मोटारीचा क्रमांक, पावती आणि जनावरांच्या कानांतील बिल्ल्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत. तक्रार देताना हीच नोंद पुरावा ठरते. शेताच्या कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे मात्र बेकायदा व प्राणघातक आहे.

कायदा काय सांगतो

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तो स्वतःच्या जिवाबरोबरच मालमत्तेसाठीही आहे. पण अमर्याद नाही. पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क मिळत नाही आणि संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी अशा मोजक्या प्रसंगीच कलम ४१ या हक्काची व्याप्ती प्राण घेण्यापर्यंत नेते. पळून जाणाऱ्या किंवा बांधून ठेवलेल्या माणसाला मारणे हे स्वसंरक्षण नव्हे.

डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो; परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, फिर्याद नोंदविता येते. चोरी झालेल्या घरात पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नये.

अफवेचा घुसखोर

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील होते. त्यांनी कोणाच्याही घरात पाऊल टाकले नव्हते.

अशा वेळी संशय कोणाकडे वळतो, यालाही इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांसारख्या समाजांकडे पाहण्याची नजर पुरती बदललेली नाही. एकेकाळी ज्यांच्याकडे गावाची राखण सोपवलेली असे, ते रामोशीही आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

म्हणून गस्तीचा पहिला नियम असा असावा: अनोळखी माणूस दिसला, तर त्याला विचारावे, पोलीस पाटलाला कळवावे, ११२ वर दूरध्वनी करावा आणि हात उचलू नये. गाव जागे असेल, तर कुलूपबंद घरही सुरक्षित राहते. पण त्या जागेपणाला कायद्याचे भान हवे, अन्यथा राखणदारच गुन्हेगार ठरतात.