सालोत्री आणि नाकातला रोग

अरबी घोड्यांच्या व्यापारावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. चौल, दाभोळ, गोवा ही बंदरे आली, बहमनी फौजा आल्या, शिलेदार-बारगीर आले. एवढे घोडे मरत कशाने, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

तेराव्या शतकात मार्को पोलोने तमिळ किनाऱ्यावरच्या माबरविषयी लिहिले, की होर्मुझ-एडनहून हजारो घोडे येतात आणि वर्षअखेर थोडेच उरतात. धंदा चालू राहावा म्हणून व्यापारी अश्ववैद्यांना तिकडे जाऊच देत नाहीत, असा त्याचा आरोप. त्यात तथ्य असेलही. पण गलबतात दाटीवाटीने भरलेली जनावरे आणि पाण्याची एकच कुंडी, रोगाला आणखी काय हवे?

विद्या नव्हती असे नाही. कैरोत सुलतान नासिर मुहम्मदच्या तबेल्याचा प्रमुख अबू बक्र इब्न बद्र याने चौदाव्या शतकात अश्ववैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. अशा वैद्याला अरबीत बैतार म्हणतात. आपला सालोत्री हा शब्द शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला, आणि त्यांच्या शास्त्राचे फारसी अनुवाद मुसलमान दरबारांनी करवून घेतले. हा व्यवहार शाळेच्या पुस्तकात सापडत नाही.

तबेल्याचा खरा वैरी ग्लँडर्स. नाकातून चिकट पू वाहतो, आत व्रण पडतात, फुप्फुसांत गाठी होतात. कातडीवर उमटला की त्यालाच फार्सी म्हणतात. कित्येक घोडे वरून धडधाकट दिसतात आणि दावणीला रोग देत राहतात. माणसालाही तो होतो, जीव घेतो. मोतद्दाराचा धोका सरदारापेक्षा मोठा, हे उघडच आहे.

1882 साली जर्मनीत लोफलर आणि शुट्झ यांनी त्याचा जंतू शोधला. पुढे मॅलिन आले: पापणीत टोचायचे, डोळा सुजला तर घोडा रोगी. भारतातली पहिली पशुरोग प्रयोगशाळा 1889 साली पुण्यात निघाली, 1893 साली ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेली. 1899 च्या ग्लँडर्स आणि फार्सी कायद्याने रोगी घोड्याची वर्दी देणे मालकावर बंधनकारक केले. पण वर्दी म्हणजे घोड्याचे मरण. ज्या टांगेवाल्याचे घर त्याच एका जनावरावर चालते, तो वर्दी देईल की अंधारात घोडा विकून टाकील?

2006 साली हा रोग महाराष्ट्रात पुन्हा उगवला. 2009 मध्ये जुना कायदा रद्द होऊन नवा आला. लस आजही नाही. रोगी जनावर मारावेच लागते.