गांजा, वेड आणि कारणाचा रकाना

पिंपरीत आमच्या घरी गांजाचा विषय निघाला की दोनच मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, गांजाने माणूस वेडा होतो. कॉलेजातली मुले म्हणतात, ती तर वनस्पती आहे, साधू पिढ्यान्‌पिढ्या ओढत आले, त्याने काही होत नाही. ही दोन्ही मते जुनी आहेत, आणि त्यांची कसून तपासणी आपल्या देशात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच झालेली आहे.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद केन यांनी बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले आणि चौकशी सबंध हिंदुस्थानची झाली. आपल्या मुंबई इलाख्यातही तेव्हा गांजा पिकत होता, मुख्यतः नगर जिल्ह्यात. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते. ११९३ साक्षी झाल्या.

कमिशनचे खरे मोठे काम वेड्यांच्या इस्पितळांत झाले. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदलेले होते. कमिशनने एकेका रुग्णाची कहाणी पुन्हा तपासली, तेव्हा ९८ उरले. त्यातही केवळ याच अमलाकडे बोट दाखवता येईल असे ६१. बाकीच्या नोंदी आल्या कुठून? रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला ‘कारण’ हा रकाना भरायचा असे. कारण ठाऊक नसले, की गांजा लिहून मोकळे होता येई. पुढे तोच कागद डॉक्टरांचे मत म्हणून अहवालांत जाई.

माफक सेवनाने मनावर अपाय होत नाही, अतिसेवन मात्र मुळात अस्थिर असलेल्या मनाला घातक ठरू शकते, असा बहुमताचा निष्कर्ष होता. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, हेही विसरू नये.

आज काही जण हाच अहवाल निर्दोषत्वाचा दाखला म्हणून पुढे करतात. तेथे आमचा मतभेद आहे. कमिशनने वेडाची मोजदाद केली. बुद्धी मोजण्याचे साधन तेव्हा नव्हतेच. बिने यांची चाचणी १९०५ ची. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतली, तीही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मग १८९४ चा अहवाल पंधरा वर्षांच्या मुलाच्या स्मरणशक्तीबद्दल काय सांगणार?

ते पुढच्या संशोधनाने थोडेफार सांगितले. १९६४ मध्ये गांजातील टीएचसी हे मुख्य द्रव्य वेगळे काढले गेले. ते मेंदूतील ज्या ग्राहकांना चिकटते, त्यांना चिकटणारे शरीराचे स्वतःचे द्रव्य १९९२ मध्ये सापडले. त्याला ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड नाव मिळाले. हे ग्राहक स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये दाट असतात. म्हणूनच अमलात असताना नवे लक्षात राहत नाही. १९८७ च्या स्वीडनमधील सैनिकभरतीच्या अभ्यासात फार गांजा ओढणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १०३७ जणांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. कुमारवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक सुमारे आठ गुणांनी घसरला, असे २०१२ मध्ये मांडले गेले. उलट २०१६ च्या जुळ्यांच्या अभ्यासात ओढणारे भावंड न ओढणाऱ्यापेक्षा अधिक घसरलेले दिसले नाही. म्हणजे घर आणि परिस्थितीचाही वाटा असावा. बुद्ध्यंकाचा वाद मिटलेला नाही. कोवळे वय आणि रोजचे सेवन यांत धोका अधिक, याविषयी मात्र बरेच एकमत आहे.

आपला १९८५ चा कायदा वेगळीच रेघ ओढतो: फुलोरा म्हणजे गांजा, तो गुन्हा, नुसती पाने त्या व्याख्येबाहेर. ही रेघ झाडावरची आहे, मेंदूवरची नव्हे.

ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथे औषधाची मात्रा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. गांजाबाबत मात्र आम्ही मात्रा विचारत नाही, वयही विचारत नाही. मुलगा बिघडला की रकान्यात ‘गांजा’ लिहितो, आणि मुलगा बरा दिसला की रकाना कोराच ठेवतो. किती, केव्हापासून, घरात आधी कुणाला मनाचा आजार होता का, हे प्रश्न कमिशनने १८९३ मध्ये विचारले होते. अटकेच्या आणि अब्रूच्या भीतीने ते डॉक्टरांसमोरही आपण टाळतो, आणि त्याची किंमत मूल मोजते.