प्रवाह आणि ग्रंथ

पेण आणि रोहा हीं रायगड जिल्ह्यांतील दोन गांवें. एकाची ख्याति गणेशमूर्तींमुळें. दुसरें कुंडलिकेच्या कांठीं वसलेलें. परंतु ग्रंथांच्या इतिहासांत या दोहोंचें स्मरण निराळ्याच कारणानें करावें लागतें. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले, आणि रोह्यास १९२० सालीं पांडुरंगशास्त्री आठवले. दोघेही गीतेचे प्रवचनकार. दोघांचेंही ज्ञान प्रथम वाणीनें वाहिलें आणि मग ग्रंथांत स्थिरावलें.

१९३२ सालीं विनोबा धुळ्याच्या तुरुंगांत होते. दर रविवारीं ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. श्रोते म्हणजे सोबतचे बंदी. साने गुरुजीही तेथेंच होते. त्यांनीं तीं अठराही प्रवचनें लिहून काढलीं. ती लेखणी चालली नसती, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींआडच विरून गेले असते. जें वाहतें, तें कोणींतरी अडवून धरावें लागतें. ग्रंथाचें पहिलें कार्य हेंच होय.

सांप्रतचा विशाल ज्ञानप्रवाह आंतरजालावरून वाहतो. विकिपीडिया नांवाचा कोश २००१ सालीं सुरू झाला. त्यांत कोणींही लिहावें, कोणींही दुरुस्ती करावी. त्यामुळें त्याचें पान सकाळीं एक, तर सायंकाळीं दुसरेंच असूं शकतें. हा प्रवाह एका क्षणीं थांबवून कागदावर उतरवावा, असें मायकेल मँडिबर्ग या अमेरिकन कलावंतांनीं मनावर घेतलें, आणि जून २०१५ मध्यें न्यूयॉर्कच्या एका कलादालनांत त्याचें प्रदर्शन मांडलें. इंग्रजी विकिपीडियाची त्या वर्षींच्या एप्रिलमधील प्रत घेऊन त्यांनीं संगणकाकरवीं तिचे ग्रंथ जुळविले. खंड भरले ७,४७३. प्रत्येकाचीं पानें ७००. नुसती अनुक्रमणिकाच ९१ खंडांची! प्रत्यक्षांत छापले ते केवळ १०६; बाकीच्यांपैकीं पुष्कळांच्या पाठी भिंतीवर चित्ररूपानें दाखविल्या होत्या. ज्यास जो खंड हवा, त्यानें तो मागवून छापून घ्यावा, अशी योजना होती.

छपाई होईतों मूळ पानें पालटूंही लागलीं होतीं. मग हा खटाटोप कशासाठीं? पडद्यावर एका वेळीं एकच पान दिसतें. ढिगाची उंची कपाटासमोर उभें राहिल्यावरच कळते. शिवाय त्यांतील ३६ खंड केवळ लिहिणाऱ्यांच्या नांवांचे होते. जें ज्ञान आपोआप उगवल्यासारखें वाटतें, त्यामागें किती हात राबले आहेत, हें त्या खंडांनीं दाखविलें.

महाराष्ट्रास असें कपाट अपरिचित नाहीं. कॉर्नेल विद्यापीठांत शिकून आलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. पुढें वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश आकारास आला. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. कालांतरानें हे दोन्ही कोश आंतरजालावर आणले गेले. न्यूयॉर्कमध्यें पडद्यावरचें कपाटांत आलें. महाराष्ट्रांत कपाटांतलें पडद्यावर गेलें.

दोन्ही वाटांस अट मात्र एकच: आधीं कोणींतरी लिहिलेलें असावें. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे; पण तो ग्रंथरूपानें मांडला, तर इंग्रजीच्या मानानें कपाटाचा एक कोपराच भरेल. याचें कारण मराठी माणसाजवळ ज्ञान नाहीं असें नव्हे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडू किती मळावा, साचा केव्हां उघडावा, डोळ्यांची आखणी करतांना कुंचला कसा धरावा, हें बहुतांशीं एका हातांतून दुसऱ्या हातांत आलेलें आहे. मूर्ति विसर्जित होते, साचा मागें राहतो. परंतु साचा उघडण्याची वेळ साच्यावर कोरलेली नसते. ती जाणणारा कारागीर गेला, कीं तें ज्ञान पडद्यावरही नाहीं आणि कपाटांतही नाहीं.

धुळ्याच्या तुरुंगांत एक लिहिणारा होता, म्हणून अठरा प्रवचनें उरलीं. पेणच्या कारखान्यांत असा एखादा लिहिणारा जाऊन बसला, तर मराठीच्या कपाटांत निदान एका खंडाची भर पडेल.