ऑक्टेनचा आकडा आणि आपली स्कूटर

'प्रीमियम पेट्रोल टाकलं की गाडी पळते,' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये कित्येकदा ऐकलं आहे. महिनाअखेरीला पगार पुरवून वापरणाऱ्यांनी शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीसाठी लिटरमागे जादा पैसे मोजावेत का? याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. ती पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं तर इंजिन खडखडतं. यालाच नॉकिंग म्हणतात. मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकं तेवढ्याच पेट्रोलातून जास्त काम मिळतं, पण नॉकिंग आडवं येतं. ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी दाखवून दिलं की यात इंधनाच्या जातीचाही मोठा वाटा असतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये उपाय सापडला: टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं संयुग. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्यांना ठाऊक होतं, पण बाजारात आलं ते शिसं, आणि तेही 'इथाइल' या नावाने. नावात शिशाचा उल्लेखच नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे हे संयुग बनवताना विषबाधा होऊन पाच कामगार दगावले. तरीही विक्री कायमची थांबली नाही. पुढे कित्येक दशकं जगभरातल्या मुलांच्या रक्तात हे शिसं जात राहिलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, तर अल्जीरियात, जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये.

ऑक्टेनचं माप आलं ते १९२६-२७ च्या सुमारास. ग्रॅहॅम एडगर यांनी सहज नॉकिंग करणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि दाब सोसणाऱ्या आयसोऑक्टेनला १०० गुण दिले. म्हणजे हा आकडा पेट्रोलच्या ताकदीचा नाही, त्याच्या सब्राचा आहे: किती दाबलं तरी ते वेळेआधी भडकत नाही, एवढंच तो सांगतो. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचा फायदा झाला, कारण त्यांच्या इंजिनात हवा आणखी दाबून भरता आली. दाब वाढवला नसता तर तेच इंधन वाया गेलं असतं.

आता आपल्या स्कूटरकडे येऊ. लहान सिलिंडरमध्ये ज्योतीला थोडंच अंतर कापायचं असतं, म्हणून नॉकिंगचा धोका मुळातच कमी. २०२० मध्ये BS-६ लागू झालं तेव्हा त्याच्या नियमानुसार साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ होतं आणि रोजच्या वापराच्या बहुतेक लहान गाड्या तेवढ्यावरच चालतील अशा बनवलेल्या असतात. त्यांत ९५ किंवा १०० चं टाकलं म्हणून वेग वाढत नाही आणि ॲव्हरेजही वाढत नाही. जास्त कॉम्प्रेशनच्या स्पोर्ट्स बाइकची गोष्ट वेगळी. जुन्या इंजिनात कार्बन साचून खडखड होत असेल तर जास्त ऑक्टेनने ती दबेल, पण खरा इलाज कार्बन काढणं हाच.

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडा. त्यात लिहिलेला आकडा पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांत इंजिन ऑइल वेळेवर बदला आणि टायरमध्ये हवा नीट ठेवा.