बेवा, विधवा, अरमला : एका शब्दाचा प्रवास

मुरबाडमध्ये उर्दू शाळेच्या वर्गात एकदा आम्ही मुजक्कर-मुअन्नसचा धडा घेत होतो. फळ्यावर 'रंडवा' लिहिले आणि त्यासमोर 'बेवा'. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने तेवढा शब्द वहीत उतरवला नाही. तिचे अब्बा आदल्या पावसाळ्यात वारले होते. त्या कोऱ्या जागेने आम्हाला या शब्दाच्या मागे लावले.

'बेवा' फारसीतून उर्दूत आला. बेघर, बेरोजगार यांतला 'बे' म्हणजे 'विना' तोच इथे असावा, असे आम्हीही समजत होतो. तसे नाही. प्राचीन इराणी भाषेतला 'विधवा'शी सख्खे नाते असलेला शब्द झिजत झिजत 'बेवा' झाला. संस्कृतातही अशीच गंमत झाली. 'वि' म्हणजे विना आणि 'धव' म्हणजे नवरा, अशी फोड आपण शाळेत शिकतो. यास्काच्या निरुक्तातही ती एक व्युत्पत्ती म्हणून आलेली आहे. भाषाशास्त्रज्ञ मात्र सांगतात की 'विधवा' हा अखंड शब्द आधीचा. ऋग्वेदात तो आहे. 'धव' नंतर त्यातून कोरून काढला गेला. लॅटिनचा 'विदुआ', रशियनचा 'व्दोवा', इंग्रजीचा 'विडो' ही सारी त्याचीच भावंडे. मूळ धातूचा अर्थ वेगळे होणे, दुरावणे. म्हणजे मुळात हा शब्द दुःखाचा होता, दोषाचा नव्हता.

दोष माणसांनी चिकटवला. मराठीत 'रांड' हा विधवेचाच शब्द शिवी झाला. 'रंडवा' मात्र कोणाची शिवी झाली नाही. उच्चवर्णीय घरांत केशवपन आणि आलवण आले. कुणबी, आगरी अशा कष्टकरी जातींत पाट लावण्याची चाल होती, पण तिथेही 'पाटाची' आणि 'लग्नाची' असा भेद राहिला. 1856 मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. तरी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातल्या गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा त्यांना गावाचा बहिष्कार सोसावा लागला.

अलीकडे 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावे, अशी सूचना मंत्रिपातळीवरून आली. टीका झाल्यावर निर्णय झालेला नसल्याचा खुलासा करण्यात आला. नाव बदलून वागणूक बदलते का, हा प्रश्न त्या वादातून उरला.

हे वाचून आपण मुसलमानांनी 'आमच्यात असे नाही' म्हणून सुस्कारा सोडू नये. अरबीत विधवेला 'अरमला' म्हणतात. 'रमल' म्हणजे वाळू. ज्याची शिदोरी संपली, जो जणू वाळूला टेकला, त्याच्यावरून हा शब्द आला. तो ऐकताच समाजाला आपली जबाबदारी आठवावी. अरमला आणि मिस्कीन यांच्यासाठी धडपडणारा अल्लाहच्या मार्गात झटणाऱ्यासारखा आहे, असे हदीसमध्ये आले आहे. सूरह बकरहमध्ये विधवेची इद्दत 4 महिने 10 दिवस सांगितली आहे. त्यानंतर ती मोकळी. सूरह नूरमध्ये 'अयामा' म्हणजे जोडीदार नसलेल्यांचे निकाह लावून द्या असा आदेश आहे. हा शब्द पुरुष आणि स्त्री दोघांनाही लागू होतो. हजरत खदीजा विधवा होत्या. निकाहचा पैगाम त्यांच्याकडूनच गेला होता.

आणि आपण काय करतो? इद्दतचे दिवस काटेकोर मोजतो, पण ती संपल्यानंतरचे आयुष्य मोजत नाही. पत्नी वारलेल्या भावासाठी आपण वर्षाच्या आत स्थळ शोधतो. बहिणीला मात्र 'आता मुलांकडे बघ' एवढेच सांगतो. मेंदीच्या रात्री बेवा खाला दाराशी बसते. तिला तिथे बसायला कोणत्या किताबाने सांगितले?

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर 'बेवा' पुन्हा लिहिला आणि मुलांना त्याची ही सारी गोष्ट सांगितली. त्या मुलीने विचारले, "सर, म्हणजे ही शिवी नाही?" आम्ही म्हणालो, "नाही, बेटा." तिने शब्द वहीत उतरवला. आता तिच्या अम्मीशी तसे वागणे, हे आपल्या मोठ्यांचे काम उरले आहे.