टोकियो, 10 एप्रिल 1946

तुम्ही टोकियोतल्या एका मतदान केंद्राबाहेर रांगेत उभे आहात. आजूबाजूच्या वस्त्या बाँबहल्ल्यात जळून गेल्यात, राखेवरच पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्यात. पुढच्या बाईनं तान्हं मूल पाठीशी बांधलंय. रेशनवर पोटभर मिळत नाही, तरी ती रांग सोडत नाही. आत शिक्का मारायचा नसतो, उमेदवाराचं नाव आपल्या हातानं लिहायचं असतं. ती पेन्सिल घट्ट धरते आणि सावकाश एकेक अक्षर काढते. जपानी बायका आज पहिल्यांदाच संसदेसाठी मत देताहेत. त्यांच्यातल्या 39 जणी निवडून येतील.

रस्त्यावरून अमेरिकी जीप जाते. हे सगळं तिच्यातूनच उतरलं, असं वाटत असेल तर जरा मागे चला.

1931. स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क देणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर होतं, सरदारांच्या सभागृहात पडतं. पुरुषांना संसदेसाठी मताचा हक्क 1925च्या कायद्यानं मिळालाय. मताधिकार चळवळीतल्या इचिकावा फुसाए तो स्त्रियांसाठी मागत राहतात.

25 ऑगस्ट 1945. शरणागतीला दहा दिवस झालेत, ताबा घेणाऱ्या फौजेचे सेनापती मॅकआर्थर यायला अजून पाच दिवस आहेत. इचिकावांनी बायकांची समिती उभीसुद्धा केलीय.

पुन्हा रांगेत या. इचिकावांना स्वतःला आज मत देता येत नाही, मतदारयादीत त्यांचं नावच नाही.

लष्करशाहीचं कंबरडं परक्या फौजेनं मोडलं, हे मान्यच करायला हवं. बायकांच्या सभांनी ते झालं नसतं. पण लोकशाही टिकली ती इथल्याच माणसांमुळे, असं मला ठामपणे वाटतं. फौजेचं मन तर किती दुभंगलेलं! याच वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण जपानवरच्या ताब्याच्या कामासाठी तिथे येते, आणि तिच्या स्वतःच्या देशावर अजून इंग्रजांचं राज्य आहे. 31 जानेवारी 1947ला रेडिओ ऐका. दुसऱ्या दिवशीचा सार्वत्रिक संप मॅकआर्थरनं बंद पाडलाय, आणि कामगारनेते इई याशिरो रडत रडत माघार जाहीर करताहेत. दोन महिन्यांत इचिकावांनाही सार्वजनिक जीवनातून बाहेर काढलं जातं.

आता बगदाद, मे 2003. अमेरिकेनं इराक ताब्यात घेतलाय, आणि वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी जपानचा दाखला दिला गेलाय. पण जपानात अमेरिकेनं तिथल्याच सरकारी यंत्रणेकडून कारभार करून घेतला होता. इथे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या एका हुकमानं अख्खं सैन्य बरखास्त होतं. लाखो माणसं, हातात बंदूक चालवण्याचं कसब, आणि पगार बंद. पुढच्या वर्षांत मतदान होतं, लोक जिवावर उदार होऊन मतं देतात, पण त्या मताला आधार देणारी मजबूत सरकारी यंत्रणा उरलेली नसते.

शेवटची उडी, पुन्हा जपानात, 1953. अमेरिकेचे तळ आहेत, हुकूमत मात्र आदल्या वर्षी संपलीय. वरिष्ठ सभागृहासाठी टोकियोत मतदान होतं. ताबा घेणाऱ्यांनी ज्यांना हद्दपार केल्यासारखं घरी बसवलं होतं, त्या इचिकावांना लोक निवडून देतात.